खेळायला प्रिस्क्रिप्शन कशाला?

एक वाक्य आता इतक्यांदा वाचून-ऐकून झालंय की ते समोर आलं की डोकं सणकतं. "लेगो काय फक्त मुलांनीच खेळावं असं थोडंच आहे? मोठ्यांनी खेळलं तर स्ट्रेस कमी होतो!" रविवारच्या पुरवणीत हेच, व्हॉट्सॅपवर हेच, आणि मध्यंतरी एका वेलनेसच्या व्याख्यानाला जाऊन बसावं लागलं तिथेही हेच. तिथे तर ठोकळे, प्राणायाम आणि ग्रीन टी हे तिघं एकाच स्लाइडवर गुण्यागोविंदानं नांदत होते.

आता तुम्ही म्हणाल, तुला काय त्रास आहे? तू स्वतः ठोकळे जोडतेस ना? जोडते. वय वर्षं ४७, पेशा हिशेब तपासण्याचा, आणि जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग कायमचा ठोकळ्यांनी व्यापलेला. म्हणजे खरं तर हे वाक्य माझ्याच बाजूचं. पण कधी कधी आपल्या बाजूनं बोलणारा वकीलच आपली केस बुडवतो, त्यातला हा प्रकार आहे.

मला सांगा, मेंढीकोट खेळणाऱ्याला कुणी विचारतं का, की काका, डाव संपल्यावर बीपी किती उतरलं? पाच दिवसांची टेस्ट मॅच सोफ्यावर आडवं होऊन बघणाऱ्याकडे त्यानं कॉर्टिसॉल किती कमी झालं याचा रिपोर्ट मागतात का? नाही ना. ते खेळतात, ते बघतात, त्यांना मजा येते, विषय संपला. मग ठोकळे हातात घेतले की लगेच आरोग्याचा दाखला का जोडावा लागतो? कारण सरळ आहे. लाज वाटते. मोठ्या माणसानं लहान मुलाचं खेळणं हातात घेतलं की त्यावर काहीतरी पांघरूण घालावं लागतं, आणि सध्या सगळ्यांत स्वस्त मिळणारं पांघरूण म्हणजे मानसिक आरोग्य.

बरं, मुळात ती जाहिरात खरी तरी आहे का? मी दोन वर्षांपूर्वी ताजमहाल जोडला. २०२१ साली आलेला आर्किटेक्चर मालिकेतला सेट, २०२२ तुकड्यांचा. (त्याच्याआधी २००८ साली एक भलाथोरला ताज आला होता, जवळजवळ सहा हजार तुकड्यांचा. तो ठेवायचा तर आधी घर मोठं घ्यावं लागेल.) एप्रिल महिना होता, मार्चअखेरीची धावपळ नुकतीच संपलेली. अगदी जाहिरातीत बसावं असं चित्र. प्रत्यक्षात काय होतं? पांढऱ्यावर पांढरं, त्यावर पांढरं. पुस्तिकेतल्या चित्रात कुठला तुकडा नवीन बसलाय ते शोधताना डोळे फुटायची वेळ. अंगठ्याच्या नखाखाली कोपरे टोचतात. एखादा ठोकळा एका स्टडनं, म्हणजे वरच्या त्या एका गोल उंचवट्यानं, बाजूला सरकून बसला तर तेव्हा कळत नाही, चाळीस पानांनंतर वरचा भाग जागेवर बसेनासा झाला की कळतं. मग उकला. मिनार चार, म्हणजे तेच काम चारदा. पहिल्या मिनाराला कौतुक, दुसऱ्याला सराव, तिसऱ्याला कंटाळा, आणि चौथ्याला बहुधा फोन वाजतो.

याला कुणी "रिलॅक्सिंग" म्हणत असेल तर त्यानं एकदा माझा रात्री साडेदहाचा चेहरा बघावा.

पण त्याच सेटमध्ये एक जागा आहे. खाली तळघरात शहाजहान आणि मुमताज यांच्या दोन कबरी बसवायच्या. दोन चिमुकले आकार. ते तुम्ही नीट बसवता आणि पुढच्या पानांवर त्यांच्यावर अख्खी इमारत चढते. समोर ठेवलेल्या ताजमहालात त्या कुणालाच दिसणार नाहीत. फक्त जोडणाऱ्याला माहीत, आत काय आहे ते. हा जो आनंद आहे ना, तो कुठल्या स्ट्रेसच्या मोजपट्टीवर मोजायचा? मला त्या क्षणी शांत-बिंत काही वाटलं नव्हतं. मला एकदम तरतरीत वाटलं होतं, कुणाचं तरी गुपित कळल्यासारखं. हिशेबाच्या वहीत एखादी नोंद नेमकी जुळली की मला असंच वाटतं, फक्त तिथे पुढे कुणाची तरी सही लागते, इथे लागत नाही.

मुद्दा असा की ठोकळे जोडताना मन गुंतून जातं आणि गुंतल्यामुळे बाकीच्या चिंता थोडा वेळ बाजूला पडतात, हे खरंच आहे. पण तो खेळाचा परिणाम. चिंता बाजूला सारायला म्हणून बसलात की होत नाही. झोप आणण्यासाठी डोळे मिटून पडलेल्या माणसाला झोप येते का? तसंच. "आता मी पाऊण तास रिलॅक्स होणार आहे" असं म्हणून बसलेला माणूस दर दहा मिनिटांनी स्वतःलाच तपासत राहतो, झालो का, झालो का. २०२१ साली तर खुद्द लेगो कंपनीनं ठोकळ्यांच्या नुसत्या आवाजांचं साडेतीन तासांचं ध्वनिमुद्रण बाजारात आणलं. ठोकळे ओतल्याचा आवाज, चाळल्याचा आवाज, एकमेकांत बसल्याचा आवाज. ऐका आणि शांत व्हा. म्हणजे भजी न खाता तळल्याचा चुर्रर्र आवाज तेवढा ऐकत बसायचं.

आणि गंमत म्हणजे ज्या माणसानं हे सुरू केलं त्याच्या डोक्यात असलं काही नव्हतं. ओले किर्क क्रिस्टियान्सन, डेन्मार्कमधल्या बिलुंड गावचा सुतार. मंदीत घरबांधणीची कामं आटली म्हणून १९३२ साली शिड्या, इस्त्रीचे पाट आणि लाकडी खेळणी करायला लागला. 'लेग गॉट' या दोन डॅनिश शब्दांवरून 'लेगो' हे नाव आलं, आणि त्याचा अर्थ आहे 'चांगलं खेळ'. बस्स, एवढंच. प्लास्टिकच्या ठोकळ्याची मूळ कल्पनाही त्याची नव्हे, हिलरी पेज नावाच्या इंग्रज खेळणीवाल्याची. पण ते ठोकळे नुसते एकमेकांवर बसायचे, घट्ट धरून राहायचे नाहीत. आत पोकळ नळ्या घालून पकड आणणारी रचना लेगोनं केली आणि १९५८ च्या जानेवारीत तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्या वेळचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. मला या उद्योगातली सगळ्यांत आदर वाटण्यासारखी गोष्ट हीच वाटते. माझ्या फोनचा तीन वर्षांपूर्वीचा चार्जर आजच्या फोनला लागत नाही.

असो. लाजेकडे परत येते, कारण खरं दुखणं तिथे आहे.

आमच्या सासूबाई उत्तम विणतात. संध्याकाळी दोन-दोन तास सुया हातात असतात. त्यांना आजवर कुणी विचारलेलं नाही की यातून मिळतं काय. कारण स्वेटर मिळतो. आमच्या घरातल्या, तुमच्याही घरातल्या, बायकांच्या छंदांची यादी काढून बघा. विणकाम, भरतकाम, शिवण, लोणची, दिवाळीचा फराळ, झाडं. प्रत्येकाच्या शेवटी कुणाच्या तरी अंगावर, पानात किंवा दारात काहीतरी पडतं. पुरुष पत्ते कुटतो तेव्हा तो "जरा बसलाय". बाई बसली तर तिच्या हातात काहीतरी हवं, आणि ते दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगाचं हवं. मी ठोकळे घेऊन बसले की आमच्या एक नातेवाईक न चुकता विचारतात, "अगं, पण याचं पुढे करायचं काय?" पुढे काहीच करायचं नसतं हो. तोच तर त्यातला मुद्दा आहे.

याच जागी ते स्ट्रेसवालं वाक्य फार कामाला येतं. "डॉक्टरांनी सांगितलंय" म्हटलं की सगळे गप्प. माझ्या एका मैत्रिणीनं हेच केलं. घरात सांगितलं, मायग्रेनसाठी चांगलं असतं म्हणे. झालं, त्या दिवसापासून कुणी हू की चू केलं नाही, उलट नवरा चहा करून आणून देतो. तिला मी दोष देत नाही, घरोघरी मातीच्या चुली. पण नीट विचार करा, तिनं काय मान्य केलं? खेळायची परवानगी आजारी माणसाला असते, हे मान्य केलं. म्हणजे उद्या तिचं डोकं दुखायचं थांबलं तर ठोकळे माळ्यावर! ठणठणीत, धडधाकट, कामाचं सगळं उरकलेल्या बाईनं दीड तास नुसतं मजेसाठी टेबलापाशी बसावं, याला आपल्याकडे अजून कारण लागतं. ते कारण औषधाच्या बाटलीतून काढून दिलं की प्रश्न सुटत नाही, त्याला फक्त बूच बसतं.

(खरंच आजारपणातून, दुःखातून जाताना कुणाला या ठोकळ्यांचा आधार झाला असेल तर त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. आधार ज्याला जिथे मिळेल तिथे घ्यावा. मी बोलतेय ती धडधाकट माणसाला रोगी ठरवून मग त्याला खेळायला पाठवणाऱ्यांबद्दल.)

पुरुषांची सबब वेगळी असते. ते म्हणतात, इन्व्हेस्टमेंट आहे. मॉस्कोतल्या एका विद्यापीठातल्या अभ्यासकांनी जुन्या, न उघडलेल्या सेट्सच्या किमती तपासल्या, त्यात १९८७ ते २०१५ या काळात वर्षाला सरासरी ११ टक्क्यांच्या आसपास परतावा निघाला. ही बातमी मला निदान सहा जणांनी पाठवली आहे. हिशेबाच्या धंद्यातली असूनही सांगते, खोकं न फोडता कपाटात ठेवणारा माणूस लेगोचा शौकीन नाही, तो गोदामवाला आहे. त्यानं खुशाल ठेवावं, पण स्वतःला आमच्यात मोजू नये.

आता थोडं कंपनीकडे. २०२० साली त्यांनी मोठ्यांसाठीचे सेट काळ्या खोक्यांत आणले, वर १८+ असं छापून. त्यानं एक चांगलं झालं, दुकानात ते खोकं काउंटरवर ठेवताना "भाच्यासाठी घेतोय" असं पुटपुटायची गरज उरली नाही. मग रांग लागली. ७५६ तुकड्यांचा फुलांचा गुच्छ, ९,०९० तुकड्यांचं टायटॅनिक, १०,००१ तुकड्यांचा आयफेल टॉवर. सगळे देखणे. पण सगळे कसे? एकदा जोडा आणि शोकेसमध्ये ठेवा. वर धूळ बसू नये म्हणून काचेसारखी पेटी वेगळी विकत मिळते. मुलांना जे खेळणं "मोडा आणि पुन्हा जोडा" म्हणून दिलं जातं तेच मोठ्यांना "जोडा आणि हात लावू नका" म्हणून विकलं जातंय. खेळण्याची मूर्ती झाली, आता फक्त हार घालायचा बाकी!

इथे एक गैरसमज नको. पुस्तिकेबरहुकूम जोडणं म्हणजे कमअस्सल, त्यात सर्जनशीलता नाही, असं नाक वर करून बोलणारेही भेटतात. ते मला पटत नाही. दुसऱ्यानं काढलेला नमुना मन लावून विणणारी बाई काय कमी विणकर असते? पुस्तिका पाळताना हात शिकतो. भिंत आडवी कशी फोडायची म्हणजे सांधा एकावर एक येत नाही, उंचवटे वरच्या ऐवजी बाजूला वळवून गुळगुळीत पृष्ठभाग कसा काढायचा, पोकळ ठेवूनही मजबुती कशी आणायची. हे कुणीतरी डोकं लढवून ठरवलेलं असतं आणि आपण ते बोटांनी वाचत असतो. पण वाचून झाल्यावर स्वतः चार ओळी लिहायच्याच नाहीत का? दोन बाय चार उंचवट्यांचे, एकाच रंगाचे फक्त सहा ठोकळे घ्या. ते किती प्रकारे जोडता येतात? कोपनहेगन विद्यापीठातल्या सोरेन आयलर्स या गणितज्ञानं संगणकावर मोजून काढलं, ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५. कंपनी स्वतः कितीतरी वर्षं १० कोटींच्या आसपासचा आकडा सांगत होती. सहा ठोकळ्यांची ही कथा, आणि आपण दोन हजार ठोकळ्यांचा एकच एक आकार करून त्याला पेटीत कोंडायचं?

म्हणून माझं म्हणणं आहे, मोडा. जोडून झालं, महिनाभर बघून झालं, चार पाहुण्यांनी "अय्या" म्हणून झालं, की सरळ मोडा.

मी ताज मोडला तेव्हा घरात सुतक पडल्यासारखं झालं होतं. "एवढे पैसे! एवढे दिवस!" मुलगा तर म्हणाला, आई, तू शहाजहानपेक्षा क्रूर आहेस. (कारागिरांचे हात तोडल्याची ती गोष्ट दंतकथा आहे, पण कोटी बरी होती.) आणि मग नवऱ्यानं एक खरोखरचा मुद्दा काढला. डॅन एरिएली आणि त्याच्या सहकाऱ्यांचा २००८ सालचा प्रयोग त्यानं कुठेतरी वाचला होता. त्यात माणसांना पैसे देऊन लेगोच्या बायोनिकल बाहुल्या जोडायला लावल्या होत्या. दर बाहुलीमागे पैसे थोडे थोडे कमी होत जाणार, नको वाटेल तेव्हा थांबायचं. एका गटाच्या बाहुल्या समोर मांडून ठेवल्या, दुसऱ्या गटाच्या त्यांच्या डोळ्यांदेखत मोडल्या आणि तेच तुकडे पुन्हा जोडायला दिले. पहिल्या गटानं सरासरी साधारण साडेदहा बाहुल्या केल्या, दुसऱ्यानं सातच्या जरा वर. म्हणजे मोडलं की माणसाचा जीव उडतो, हे सिद्ध झालं की नाही?

झालं ना. पण कशाचं सिद्ध झालं ते बघा. ती माणसं मजुरीवर होती, आणि मोडत होता दुसराच. माझं काम माझ्या डोळ्यांदेखत कुणी निरर्थक ठरवलं तर माझाही जीव उडेल, हापिसात तो उडतोच. पण जिथे मोडणारे हात माझेच आहेत, आणि मोडायचं ते दुसरं काही करायचं म्हणून, तिथे तो प्रयोग लागू पडत नाही. काम मोडलं जाणं आणि खेळ मोडणं यातला फरक आपल्याला परदेशी प्राध्यापकांनी सांगायची गरज नाही. दिवाळीतला किल्ला आठवा. चार दिवस माती कालवून, दगड-विटा रचून, पोतं अंथरून, अळीव पेरून, महाराजांना सिंहासनावर बसवून आणि मावळ्यांना उतारावर कसंबसं उभं करून जो किल्ला व्हायचा, त्याचं नंतर काय व्हायचं? मावळे डब्यात आणि माती कुंड्यांत. त्यावर पेटी घालून पुढच्या वर्षापर्यंत जपावा असं कुठल्या पोराच्या मनात आलं होतं? पुढच्या वर्षी नवा करता यावा म्हणूनच तर जागा मोकळी व्हायची. रांगोळी सकाळी काढायची आणि दुसऱ्या सकाळी झाडायची. आमच्या सासूबाई तर मुलांचे आखूड झालेले स्वेटर उसवायच्या, लोकरीच्या लडी करून वाफ द्यायच्या म्हणजे तिच्यातली नागमोड जाते, आणि त्याच लोकरीचा मोठ्या मापाचा नवा स्वेटर घालायच्या. ताज मोडला त्या दिवशी घरात फक्त त्यांनीच चेहरा पाडला नाही. "उसवलास होय," एवढंच म्हणाल्या आणि रंगवार वेगळे करायला वाट्या घेऊन बसल्या.

महाग आहे हा आक्षेप राहिला. आहेच महाग, आपल्याकडे तर आणखीच. पण जो सेट एकदा जोडून काचेत गेला तो महाग. ज्या तुकड्यांचे पाच वर्षांत पंधरा प्रकार झाले त्यांचा खर्च काढा, सिनेमाच्या तिकिटापेक्षा कमी पडतो (पॉपकॉर्न धरून). आणि लेगोच हवं असा माझा हट्ट नाही. मूळ पेटंटांची मुदत कधीच संपली. ठोकळ्याच्या आकारावर ट्रेडमार्क मिळावा म्हणून कंपनी भांडली, तर २०१० साली युरोपच्या न्यायालयानं तोही नाकारला. त्यामुळे त्याच मापाचे दुसऱ्यांचे ठोकळे बाजारात सर्रास मिळतात. काहींची पकड ढिली असते, ते पायात घालावेत, म्हणजे भिंतीच्या पायात. आपल्या पायात आले तर सगळ्याच कंपन्यांचे सारखेच लागतात. :)

प्लास्टिकचं मात्र माझ्याकडे गोड उत्तर नाही. १९६३ पासून हे ठोकळे एबीएसचे होतात. ते कुजत नाही, झिजत नाही, माझ्यामागे कितीतरी वर्षं राहील. पण मग जी वस्तू इतकी टिकणार आहे ती एकदाच वापरून ठेवून देणं, हे तर मोडण्याहून वाईट नाही का?

सध्या त्या ताजमधून एक किल्ला वर येतोय. पांढराशुभ्र. "असा किल्ला असतो का कुठे?" असं सासूबाईंनी विचारून झालंय, मी "नुकताच चुना लावलाय" असं सांगून झालंय. अडचण आहे ती बुरुजाची. चौकोनी ठोकळ्यांतून गोल बुरूज काढायचा तर दोन उंचवट्यांचा सरळ ठोकळा आणि एका उंचवट्याचा गोल ठोकळा असे आलटून-पालटून लावत जायचे, मग सांध्यांना जरा सैलपणा मिळतो आणि भिंत वळते. पण एका बुरुजालाच गोल ठोकळे चाळीसेक लागतील आणि माझ्याकडे आहेत मोजून चौदा. सासूबाईंचं म्हणणं, चौकोनीच ठेव, रात्रीच्या जेवणापूर्वी टेबल मोकळं होईल. ते काही आज होणार नाही.